पीटर्सचा हत्तीमासा कसा ओळखावा: शेपटीपासून हनुवटीपर्यंत

आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातला हत्तीमासा पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर त्याच्या तोंडापुढे आलेल्या सोंडेवर खिळते, आणि ओळख पटवण्यातली पहिली चूकही बहुधा तिथेच होते. सोंडेसारखे काहीतरी मिरवणारे मासे त्या खंडात अनेक आहेत. केवळ तेवढ्यावरून नाव ठरवले तर ते निम्म्या वेळा चुकते. या लेखात त्यांपैकी एकच प्रजाती, नॅथोनिमस पीटर्साय म्हणजेच पीटर्सचा हत्तीमासा, कशी ओळखावी आणि तिचे वागणे कसे समजून घ्यावे हे पायरीपायरीने मांडले आहे. तपासणी शेपटीकडून सुरू करावी आणि हनुवटी सर्वांत शेवटी पाहावी, असा माझा आग्रह आहे. या माशाची वीज शेपटीच्या देठात तयार होते आणि ती सर्वांत बारकाईने वाचली जाते हनुवटीवर. त्यामुळे ओळखीची वाट आणि आकलनाची वाट एकच ठरते.

नावाचा गोंधळ आधी दूर करावा

‘हत्तीमासा’ हे नाव समुद्रातल्या एका अगदी वेगळ्या प्राण्यालाही दिले जाते. दक्षिण गोलार्धातील समुद्रात राहणारा कॅलोरिंकस हा कूर्चेचा सांगाडा असलेला, शार्कचा दूरचा नातलग आहे. त्याचा आणि आपल्या माशाचा काहीही संबंध नाही. आपला मासा अस्थिमत्स्य असून मॉर्मिरिडी या कुळातला आहे. या कुळात दोनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातच आढळतात. दक्षिण अमेरिकेतील सुरीमासेही क्षीण वीज सोडतात, पण त्यांचे कूळ निराळे आहे आणि त्यांची ही क्षमता स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेली आहे. म्हणून ‘वीज सोडतो, म्हणजे हत्तीमासा’ असे समीकरण मांडता येत नाही.

या प्रजातीचे वर्णन ब्रिटिश संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६२ साली केले आणि जर्मन निसर्गअभ्यासक विल्हेल्म पीटर्स यांच्या सन्मानार्थ तिला नाव दिले. त्या वेळी तिचा समावेश मॉर्मिरस या प्रजातिगटात केला गेला होता. नॅथोनिमस या नावाचा ग्रीक अर्थ ‘जबड्याचा धागा’ असा होतो. पुढे दिसणारा अवयव नाकापासून निघत नसून जबड्यापासून निघतो, हे नावातच सांगून ठेवलेले आहे. प्रजातीचा आढळ मुख्यतः काँगो नदीच्या खोऱ्यात, तसेच नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यात आणि नायजेरिया-कॅमेरून भागातील क्रॉस नदीत आहे. नमुना कुठून आला हे ठाऊक असेल तर ते प्रथम लिहून ठेवावे. नाईल नदीतल्या हत्तीमाशाला ‘पीटर्सचा’ म्हणण्याआधी थांबलेले बरे.

पहिली पायरी: शेपटीचा देठ

मासा बाजूने दिसेल अशा स्थितीत पाहावा. पृष्ठपर, म्हणजे पाठीवरचा पर, आणि गुदपर, म्हणजे पोटाकडच्या बाजूला मागे असलेला पर, हे दोन्ही जिथे संपतात तिथून शेपटीच्या पंखापर्यंतचा भाग एकाएकी निमुळता होऊन दांडीसारखा बारीक झालेला दिसतो. उंच, बाजूंनी चपट्या शरीराला जोडलेली ही दांडी आणि तिच्या टोकाला खोल दुभंगलेला छोटा पुच्छपर ही मॉर्मिरिडी कुळाची मोठी खूण आहे. अनोळखी माशाच्या बाबतीत कूळ ठरवायला मी सोंडेपेक्षा या दांडीवर अधिक भरवसा ठेवतो.

ही दांडी इतकी बारीक का, याचे उत्तर तिच्या आत आहे. स्नायूंपासून बनलेल्या चपट्या विद्युत्पेशी तिथे चळतीने रचलेल्या असतात. मेंदूकडून आज्ञा येताच त्या सगळ्या एकाच क्षणी पेटतात आणि पाण्यात एक अतिशय छोटा विद्युत्स्पंद सोडला जातो. पीटर्सच्या हत्तीमाशात या स्पंदाचा काळ एक मिलिसेकंदापेक्षाही पुष्कळ कमी असतो. त्याची ताकद इतकी अल्प असते की पाण्यात बुडवलेल्या हाताला काहीच जाणवत नाही. भक्ष्याला झटका देणाऱ्या विद्युत्-ईलशी याची तुलना करणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. हा स्पंद शस्त्र म्हणून सोडलेला नसतो. अंधारात धरलेल्या कंदिलाचे काम तो करतो.

जिम्नार्कस हा या कुळाचा जवळचा नातलग इथेच वेगळा काढता येतो. त्याला पुच्छपर आणि गुदपर नसतातच, आणि पाठीवरच्या लांबलचक पराच्या लाटेवर तो पोहतो. त्याची वीजही सुट्या स्पंदांची नसून अखंड गुणगुणण्यासारखी असते. केंब्रिजमधील हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये याच जिम्नार्कसच्या क्षीण विजेची नोंद प्रसिद्ध केली, आणि १९५८ पर्यंत या विजेच्या साहाय्याने मासा आजूबाजूच्या वस्तू ओळखतो हे प्रयोगांनी दाखवून दिले. आज हत्तीमाशांविषयी आपण जे काही समजतो, त्याचा पाया या कामात आहे.

दुसरी पायरी: पाठीवरचा आणि पोटाखालचा पर

सर्वांत नेमकी छाननी या पायरीवर होते, म्हणून इथे घाई करू नये. पृष्ठपर आणि गुदपर यांच्या बुडांची लांबी परस्परांशी ताडून पाहावी. पीटर्सच्या हत्तीमाशात हे दोन्ही पर शरीराच्या मागच्या भागात, साधारण समोरासमोर असतात. त्यांची लांबी जवळजवळ सारखी असते, गुदपर किंचित अधिक लांब. मासा आरशात उलटा ठेवल्यासारखी ही वरखाली जोडी दिसली की पुष्कळ पर्याय आपोआप गळतात.

मॉर्मिरस या प्रजातिगटातील माशांचा पृष्ठपर डोक्याच्या थोड्या मागून सुरू होऊन जवळपास संपूर्ण पाठभर पसरलेला असतो आणि गुदपर त्यामानाने अगदी आखूड असतो. हायपरोपिससमध्ये नेमके याच्या उलट असते, म्हणजे पृष्ठपर छोटा व खूप मागे आणि गुदपर लांब. मॉर्मिरॉप्स लांबट, दंडगोल अंगाचा असून त्याचाही पृष्ठपर गुदपरापेक्षा आखूड असतो. तो एक मीटरहून मोठा होऊ शकणारा शिकारी मासा आहे. मलावी सरोवरात मॉर्मिरॉप्सचे गट रात्री एकत्र फिरून इतर माशांची शिकार करताना नोंदवले गेले आहेत. पीटर्सचा हत्तीमासा मात्र लांबीला जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो, आणि टाक्यांमध्ये सहसा त्याहून बराच लहान दिसतो.

प्राचीन इजिप्तमध्ये पवित्र मानला गेलेला, ऑक्सिरिंकस या नगराला ज्याच्यावरून नाव मिळाले तो मासा मॉर्मिरस गटातला होता. गाईची शिंगे आणि सूर्यबिंब डोक्यावर घेतलेल्या त्याच्या कांस्यमूर्ती आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. पीटर्सच्या हत्तीमाशाची माहिती देताना अनेक जण ही कथा त्याला चिकटवतात. ती त्याची नाही, त्याच्या नातलगाची आहे, आणि हा फरक जपणे मला महत्त्वाचे वाटते.

तिसरी पायरी: रंग आणि दोन फिक्या रेषा

अंगाचा रंग गडद तपकिरी ते जवळजवळ काळा असतो. पृष्ठपर आणि गुदपर यांच्या दरम्यान, शरीराच्या मागच्या तिसऱ्या भागात, दोन फिकट उभ्या रेषा असतात. त्या किंचित वाकलेल्या असून कंसांच्या जोडीसारख्या दिसतात आणि त्यांच्या मधला भाग अधिक काळा भासतो. मासा निरोगी व शांत असताना त्या स्पष्ट दिसतात. तो घाबरलेला किंवा आजारी असताना रंग फिका पडतो आणि रेषा विरघळल्यासारख्या होतात, म्हणून रेषा दिसल्या नाहीत एवढ्यावरून नकार देऊ नये. त्या दिसल्या, आणि आधीच्या दोन पायऱ्याही जुळल्या, तर मात्र ओळख बरीच पक्की समजावी.

चौथी पायरी: डोके आणि हनुवटी

आता सोंडेकडे यावे. मासा बाजूने, डोळ्याच्या उंचीवर पाहावा आणि तोंडाची फट नेमकी कुठे आहे ते शोधावे. पीटर्सच्या हत्तीमाशात ही बारीक फट पुढे आलेल्या अवयवाच्या वर, त्याच्या बुडाशी असते. म्हणजे ही ‘सोंड’ वस्तुतः खालच्या जबड्यापासून पुढे वाढलेली, बोटासारखी मांसल हनुवटी आहे. तिला नाकपुड्या नाहीत आणि तिच्यातून अन्नही आत जात नाही.

ही एक तपासणी कॅम्पिलोमॉर्मिरस या प्रजातिगटाला बाजूला काढते. काँगोच्या खोऱ्यातील या माशांचा संपूर्ण मुखभाग नळीसारखा लांब होऊन खाली वाकलेला असतो आणि तोंड त्या नळीच्या अगदी टोकाला असते. हत्तीची आठवण खरे तर तेच अधिक करून देतात. मार्क्युसेनियसमध्ये हनुवटीवर फक्त गोलसर फुगवटा असतो. पेट्रोसेफॅलसमध्ये हनुवटी पुढे येतच नाही, डोके बोथट असते आणि तोंड खालच्या बाजूला, डोळ्याच्या जवळपास असते. नॅथोनिमसमधीलच लाँगिबार्बिस ही प्रजाती सर्वांत अडचणीची आहे, कारण तिचीही हनुवटी लांब असते. ती व्हिक्टोरिया सरोवरासारख्या पूर्वेकडील जलाशयांत आढळते, त्यामुळे आढळस्थानाची नोंद इथे निर्णायक ठरते.

मंद उजेडात टाकीसमोर वाळूच्या पातळीवर डोळे आणून काही वेळ स्थिर बसावे. मासा डोके थोडे खाली झुकवून तळालगत सरकतो आणि हनुवटी डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, ठेक्यात फिरवतो, जणू आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो आहे. वाळूला तिचा स्पर्श होतो न होतो. मध्येच एका ठिकाणी ती थबकते, मासा किंचित मागे सरकतो, शरीर वाकवतो, आणि पुढच्या क्षणी हनुवटी वाळूत खुपसून एक अळी बाहेर काढतो. डोळ्यांना तिथे काहीही दिसलेले नव्हते.

त्या हनुवटीवर विद्युत्-ग्राहकांची, म्हणजे वीज जाणणाऱ्या सूक्ष्म इंद्रियांची, दाटी शरीरावरच्या इतर कुठल्याही भागापेक्षा अधिक असते. म्हणून संशोधक तिला ‘विद्युत्-दृष्टीचा मध्यबिंदू’ मानतात. आपल्या डोळ्यात सर्वांत तीक्ष्ण दिसणारा जो छोटासा भाग असतो, तसेच तिचे काम आहे. मासा प्रत्येक स्पंदाबरोबर स्वतःभोवती एक विद्युत्क्षेत्र उभे करतो. पाण्यापेक्षा चांगली वाहक असलेली वस्तू जवळ आली की त्वचेवर तेवढ्या जागी प्रवाह वाढतो, आणि दगडासारखी दुर्वाहक वस्तू आली की तो घटतो. मासा त्वचेवर पडणारी ही विद्युत्-सावली वाचतो. जिवंत अळी आणि निर्जीव दगड यांतला फरक त्याला आणखी एका मार्गाने कळतो. सजीव पेशी विद्युत्भार क्षणभर साठवतात, त्यामुळे स्पंदाचा आकारच किंचित बिघडतो आणि ग्राहकांना तो बिघाड ओळखता येतो. जर्मनीतील गेरहार्ड फॉन डेर एम्डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असेही दाखवले की हा मासा पूर्ण अंधारात वस्तूचे अंतर मोजू शकतो. मात्र या जाणिवेचा पल्ला मर्यादित असतो, साधारण त्याच्या शरीराच्या लांबीइतकाच.

पाचवी पायरी: वीज ऐकणे

ओळख डोळ्यांनी पटल्यावर ती कानांनी तपासता येते. दोन गंज न चढणाऱ्या धातूच्या तारा टाकीच्या दोन टोकांना पाण्यात सोडून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ध्वनिवर्धकाला जोडल्या की प्रत्येक स्पंद ‘टिक’ असा ऐकू येतो. हे उपकरण कोणत्याही परिस्थितीत घरगुती वीजपुरवठ्याला जोडू नये. पाणी आणि मुख्य वाहिनी एकत्र आणण्यात माणसाच्याही जिवाला धोका आहे. टाकीतले पंप व दिवे काही मिनिटे बंद ठेवले नाहीत तर त्यांच्या गुणगुणीत माशाचा आवाज बुडून जातो.

दिवसा लपलेल्या माशाचे ठोके संथ आणि अनियमित पडतात, थांबून थांबून बोलणाऱ्या माणसासारखे. टाकीत एखादी नवी वस्तू सोडताच ते ठोके क्षणात दाट होतात, आणि वस्तू ओळखीची झाली की पुन्हा विरळ होतात. दोन मासे जवळ असतील तर एकाच्या ठोक्यामागे दुसऱ्याचा ठोका सुमारे एक शतांश सेकंदाने पडताना आढळतो. याला प्रतिध्वनी-प्रतिसाद म्हणतात. इतरांचे स्पंद ऐकण्यासाठी या माशांच्या त्वचेत वेगळ्या प्रकारचे ग्राहक असतात. स्वतःच्या स्पंदाने ते गोंधळू नयेत म्हणून मेंदू वीज सोडण्याची आज्ञा देतानाच तिची एक प्रत संवेदनेच्या मार्गाकडे पाठवतो आणि स्वतःचा आवाज तेवढ्यापुरता झाकून टाकतो. या यंत्रणेचा अभ्यास मेंदूविज्ञानाला फार उपयोगी पडला आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कानाला ठोक्यांची लय कळते, पण प्रजाती कळत नाही. प्रजातीची खूण स्पंदाच्या आकारात असते आणि तो पाहायला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र, किंवा चांगल्या वेगाने नोंद घेणारे यंत्र लागते. नोंद घेताना पाण्याचे तापमान व विद्युत्-वाहकता लिहून ठेवावी, कारण दोन्हींमुळे आकार बदलतो. डोक्याकडची तार कोणती आणि शेपटीकडची कोणती, हेही नोंदवावे, नाहीतर आलेख उलटा वाचला जातो. या पद्धतीचे मोल गॅबॉनमधील अभ्यासातून उत्तम कळते. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या नद्यांत दिसायला जवळजवळ सारखे, परंतु स्पंदाचा आकार ठळकपणे वेगळा असलेले हत्तीमासे आढळले. आज ते पॅरामॉर्मिरॉप्स या प्रजातिगटात ठेवले जातात. डोळ्यांना जे एक वाटले ते विजेने अनेक ठरले.

नर की मादी

पूर्ण वाढ झालेल्या नराच्या गुदपराचे बूड जिथे शरीराला मिळते तिथे आतल्या बाजूला वळलेली कमान दिसते, तर मादीत तीच रेषा बरीचशी सरळ असते. लहान माशांत ही खूण उपयोगाची नाही, आणि टाकीत दीर्घकाळ राहिलेल्या माशांतही तिच्यावर फार विसंबू नये.

आकलन झाल्यावर सांभाळणे सोपे जाते

हा मासा पाळणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी त्याची इंद्रिये विसरल्यामुळे उद्भवतात. तळाला धारदार खडी असेल तर ज्या हनुवटीने तो जग पाहतो तीच खरवडली जाते, म्हणून बारीक, गुळगुळीत वाळू अपरिहार्य आहे. तो निशाचर असल्याने दिवसभर झगझगीत प्रकाशात ठेवणे क्रूरपणाचे आहे. मुळे, गुहा किंवा नळ्या यांचा आडोसा आणि मंद प्रकाश त्याला हवाच. त्याचे डोळे कमकुवत आहेत असा समज आहे, तो अर्धवट खरा आहे. त्याच्या दृष्टिपटलात प्रकाश परावर्तित करणारे सूक्ष्म पेले असतात आणि त्यांत प्रकाशग्राहक पेशी गुच्छांनी बसलेल्या असतात. त्यामुळे बारीक तपशील त्याला दिसत नाहीत, पण गढूळ आणि अंधुक पाण्यात मोठ्या हालत्या आकृत्या तो चांगल्या टिपतो. टाकीजवळ अचानक हात हलवल्यावर तो दचकतो तो म्हणूनच.

अन्नाच्या बाबतीत तर हयगय चालत नाही. या माशाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या मानाने विलक्षण मोठा असतो, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार शरीराला लागणाऱ्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. माणसात हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. इतका खर्चिक मेंदू उपाशी ठेवता येत नाही. दिवसा इतर चपळ माशांसोबत अन्न टाकले की ते संपून जाते आणि हा आडोशात तसाच राहतो. पोट आत गेलेला, पाठ धारदार झालेला हत्तीमासा दिसला तर रोग शोधण्याआधी अन्न देण्याची वेळ तपासावी. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, त्याच्या लपण्याच्या जागेजवळ, किडअळ्या किंवा लहान गांडुळे सोडावीत. पाण्यातील बिघाडालाही तो लवकर प्रतिसाद देतो. दूषित पाण्यात त्याच्या ठोक्यांची लय बदलते, आणि याच गुणामुळे जर्मनीत पिण्याच्या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी या प्रजातीचा उपयोग केला गेला आहे. एकाच टाकीत दोन मासे ठेवणे टाळावे, कारण बलवान मासा दुबळ्याला विजेनेही आणि धडकांनीही सतत हाकलत राहतो. बंदिस्त पाण्यात त्यांची पैदास सहजी होत नाही, त्यामुळे विक्रीस येणारे मासे प्रामुख्याने नद्यांतून पकडलेले असतात, हे घेण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावे.

नोंद कशी लिहावी

ओळख पक्की करण्यासाठी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिले संपूर्ण माशाचे, काटकोनात बाजूने. दुसरे दोन्ही परांच्या बुडांचे. आणि तिसरे डोक्याचे, ज्यात तोंडाची फट व हनुवटी दोन्ही एकत्र दिसतील. काचेवर झगझगीत झोत टाकून छायाचित्र काढल्यास मासा फिका पडतो आणि मागच्या रेषा हरवतात, म्हणून प्रकाश बाजूने व मंद ठेवावा. लांबी, आढळस्थान आणि वेळ लिहावी. दोन परांचे प्रमाण जुळले, हनुवटी जबड्यापासून निघालेली दिसली, पण फिक्या रेषा किंवा आढळस्थान यांपैकी एकही गोष्ट हाती नसेल, तर नोंदीत ‘नॅथोनिमस, प्रजाती अनिश्चित’ एवढेच लिहावे.